परदेशचा मुक्काम आणि कागदांची पिशवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी बोलायला उभी राहिले की आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटते, आता वर्षाचा जमाखर्च वाचला जाणार. त्यात आपला दोष नाही. अकरा वर्षे मी मंडळाची खजिनदार होते, आणि हळदीकुंकवाच्या वाणातली चार आण्यांची तफावतसुद्धा मी रात्री निजण्यापूर्वी शोधून काढीत असे, असे आमच्या घरी चेष्टेने सांगतात. आजही मी हिशेबच सांगणार आहे. मात्र तो माझ्या घरचा आहे, आणि त्यातली चूक दुसऱ्या कोणाची नाही.

विषय चालकबाईंनीच दिला. ह्या वर्षी आपल्यातल्या पाचजणी मुलांकडे लांब मुक्कामाला निघाल्या आहेत. सहा महिन्यांची सहल वेगळी आणि दोन-दोन वर्षांचे राहणे वेगळे. आम्ही उभयतां ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागा गावी, चिरंजिवांकडे गेलो आणि एप्रिल २०२४ मध्ये मिरजेस परत आलो. त्या दीड वर्षात जे शिकले ते सांगते. बर्फ कसा दिसतो हे मी सांगणार नाही. ते फोटो आपण सर्वांनी पाहिलेच आहेत.

प्रथम परवान्याचे. कॅनडा सरकारने २०११ च्या अखेरीस आईबाप व आजीआजोबा ह्यांच्यासाठी ‘सुपर व्हिसा’ काढला. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षेपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाची मिळकत ठराविक मर्यादेच्या वर असावी लागते, सरकारमान्य डॉक्टरकडून आपली तपासणी व्हावी लागते, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आजारपणाचा विमा काढावा लागतो. पूर्वी तो तिकडच्याच कंपनीचा लागे; जानेवारी २०२५ पासून तिकडच्या सरकारने मान्य केलेल्या परदेशी कंपनीचाही चालतो. पासपोर्टाची मुदत थोडी उरली असेल तर आधी तो नवा करून घ्यावा, कारण परवाना पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे जात नाही. तिकडे उतरल्यावर अधिकारी किती मुदत देतो ते तिथेच, खिडकीसमोर उभे राहून वाचावे. मागे रांग असली तर असू द्या.

सामानाचे बायकांना सांगावे लागत नाही, पण दोन गोष्टी सांगतेच. मी खोबऱ्याच्या सहा वाट्या मोठ्या प्रेमाने बांधून घेतल्या होत्या. त्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते साठून राहिले की आपोआप तापते आणि पेटूही शकते, म्हणून विमानवाले त्याला धोक्याचा माल समजतात. साठ वर्षे मी खोबरे किसते आहे, मला हे ठाऊक नव्हते! दुसरे, ज्यांचे विमान आखाती देशांतून किंवा सिंगापुरावरून जाते त्यांनी खसखस चुकूनही घेऊ नये. तिथे ती अफूच्या झाडाची म्हणून गुन्ह्यात मोडते. बाकी जे खाण्याचे नेाल ते उतरताना कागदावर खरे लिहून द्यावे. लपविले तर दंड.

औषधे मूळ पाकिटातच न्यावीत, हातातल्या बॅगेत ठेवावीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यावी, कंपनीच्या नावाने नव्हे. आपले पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन नावाने मिळते. कॅनडात येणाऱ्या पाहुण्याला फार तर नव्वद दिवसांची औषधे आणता येतात. म्हणजे चौथ्या महिन्यापासून तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि त्याची फी आपल्या पदरची. रक्तातली साखरही तिकडे निराळ्या मापाने मोजतात. पहिल्याच आठवड्यात चिरंजिवांच्या यंत्रावर ह्यांची साखर ७.८ आली. स्वारी इतकी खूष झाली की मधुमेह मोडला असे समजून शिरा करायला सांगितला. सूनबाईंनी हसत सांगितले, ह्या आकड्याला अठराने गुणा. म्हणजे झाली १४०. शिरा राहिलाच.

घरात फोडणी देताना वरचा पंखा आधी लावावा, नाहीतर छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा करते. हिवाळ्यात घर तापविलेले असते, त्या कोरड्या हवेने नाकातून रक्तसुद्धा येते. रात्री खोलीत पाण्याचे पातेले ठेवावे. रस्त्यावरचा पांढरा बर्फ फारसा दगा देत नाही. फरशीवर काचेसारखा जमलेला दिसत नाही तोच पाडतो. तळाला दाते असलेले बूट घ्यावेत आणि लहान लहान पावले टाकावीत. मार्चात एकदा आणि नोव्हेंबरात एकदा तिकडची घड्याळे तासाने सरकवतात. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. बँकेचा माणूस भेटावा म्हणून आपल्याला रात्री साडेअकरा-बारापर्यंत जागावे लागते. हे मी उगीच सांगत नाही. त्या वेळी मी किती रात्री जागले ते पुढे येईल.

आता मूळ गोष्टीकडे येते. ह्यांची नोकरी पोस्टात गेली हे आपण जाणताच. कागद कसा जपावा हे पोस्टातल्या माणसाकडून शिकावे. निघण्यापूर्वी ह्यांनी एक तपकिरी पिशवी तयार केली. तिच्यात पासपोर्ट, पेन्शनची ऑर्डर, बँकेची पासबुके, विम्याचे कागद, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळे ओळीने लावलेले. पिशवीला आकड्यांचे छोटे कुलूप. ‘तुला कशाला त्रास’ असे हे म्हणाले, आणि खरे सांगते, मला बरे वाटले. मंडळाच्या पैशापैशाचा हिशेब ठेवणारी मी, माझ्या घरच्या पेन्शनचे खाते कोणाच्या नावावर आहे हे मी कधी विचारले नव्हते. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

पहिल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली. तिकडे नोव्हेंबरात आपल्या वकिलातीचे अधिकारी निरनिराळ्या गावांत, मंदिरांतून आणि गुरुद्वारांतून त्यासाठी शिबिरे भरवितात. हे पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले. मी कोट सांभाळीत खुर्चीवर बसले आणि शेजारच्या पंजाबी बाईंशी लोणच्याच्या गप्पा मारल्या. दाखला कसला असतो, त्याला कोणते कागद लागतात, हे मी डोकावूनसुद्धा पाहिले नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका सकाळी, मुलगा आणि सून कामावर गेलेली असताना, ह्यांच्या हातून चहाचा कप सुटला. मी पाहिले तो तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात लोंबता, आणि बोलायला जावे तर शब्द नाही. अर्धांगाचा झटका. तिकडे ९११ हा आकडा फिरवायचा असतो, तो मला ठाऊक होता. पण पलीकडच्या बाईने पत्ता विचारला आणि मला घराचा नंबर आठवेना. चार महिने त्या घरात मी राहत होते! दारावर नंबर लिहिलेला होता म्हणून बाहेर धावत जाऊन वाचून आले, पायात सपाता, बाहेर गुडघाभर बर्फ. भगिनींनो, जिथे जाल तिथे पहिल्या दिवशी मुलाच्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. इंग्रजी सुचले नाही तर आपल्या भाषेचे नाव तरी सांगा. मोठ्या शहरांत दुभाषा जोडून देण्याची सोय असते. आणि झटका कोणत्या घटकेला आला ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. मी कप फुटला तेव्हाची वेळ सांगू शकले, कारण मी चहा घड्याळ पाहून करते. तेवढे एक माझ्या हातून नीट झाले.

इस्पितळात विम्याचे कार्ड मागितले. कार्ड पिशवीत. पिशवीला कुलूप. आकडा एका माणसाला ठाऊक, आणि त्या माणसाची वाचा गेलेली. मी ह्यांच्यापुढे पिशवी धरून एकेक आकडा विचारीत होते आणि हे नुसते माझ्याकडे पाहत होते. शेवटी मुलाने पेचकसाने कुलूप तोडले. विमा कंपनीला ताबडतोब कळवावे लागते, तो नंबर त्या कार्डावर असतो. आमचे कळवायचे काही तास गेले.

पण विमा त्यामुळे बुडाला नाही. तो आधीच बुडालेला होता, आम्हांला माहीत नव्हते इतकेच. निघण्यापूर्वी ऑगस्टात आमच्या इथल्या डॉक्टरांनी ह्यांच्या रक्तदाबाची गोळी बदलून थोडी जास्त ताकदीची दिली होती. प्रवास आहे, सावधगिरी बरी, म्हणून. हेतू उत्तमच. परंतु विम्याच्या कागदात बारीक अक्षरात एक कलम होते. विमा सुरू होण्यापूर्वीच्या १८० दिवसांत जुने दुखणे ‘स्थिर’ असले पाहिजे. आणि स्थिर म्हणजे काय? नवीन गोळी नाही, गोळीची मात्रा वाढविलेली नाही, कमीसुद्धा केलेली नाही, कसली तपासणी बाकी नाही. दुखणे बरे होते की वाईट ह्याचा संबंध नाही. बदल झाला की झाले. कंपनीने पत्र पाठवून पैसे नाकारले. आम्ही तक्रार केली, तिचाही उपयोग झाला नाही. ते कलम मी आता तोंडपाठ म्हणू शकते. तेव्हा कोणी वाचले नव्हते; ह्यांनी नाही, मुलाने नाही, आणि मी तर पिशवीच उघडली नव्हती. ज्यांना जायचे आहे त्यांनी तिकिटाच्या आधी सहा महिने डॉक्टरांकडे जावे आणि काय बदल करायचा तो तेव्हाच करून घ्यावा. जुन्या दुखण्यासाठी जास्त हप्त्याचा विमा मिळतो, त्यातले हे दिवस किती ते विचारावे. मधे बदल करावाच लागला तर तो अवश्य करावा, जीव आधी; पण विमेवाल्याला लेखी कळवावे.

तिकडे परवान्यावर आलेल्या आईबापांना सरकारी दवाखान्याची फुकट सोय नाही. इस्पितळाचे भाडे दिवसाला कित्येक हजार डॉलर पडते. आम्ही तिथे नऊ दिवस होतो. मुलाने कर्ज काढून बिल भागविले आणि एका शब्दाने बोलला नाही. सूनही नाही. न बोलण्यानेच मला जास्त टोचत असे. परत आल्यावर आम्ही विश्रामबागेकडचा प्लॉट विकला आणि ते पैसे त्याला पाठविले. तो घेत नव्हता. मी ऐकले नाही.

ह्या सगळ्यात मिरजेच्या बँकेत ह्यांचे पेन्शन दर महिन्याला नेमाने जमा होत होते. ते काढता मात्र कोणालाच येत नव्हते. खाते ह्यांच्या एकट्याच्या नावावर. माझे नाव वारस म्हणून होते. वारसाचे नाव माणूस गेल्यावर उपयोगाचे. माणूस असताना त्याचा काही अधिकार नाही, हे मला त्या दिवशी कळले. उजव्या हाताने सही होईना. अंगठा चालतो, पण दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यांतला एक बँकेचाच अधिकारी हवा. तो मिसिसागात कोठून आणायचा? मोबाईलवरून पैसे फिरवावे तर बँकेचा आकडा येतो ह्यांच्या इथल्या नंबरावर, आणि त्या नंबराचा रिचार्ज हेच करीत असत. तो संपून नंबर बंद पडला होता. मध्यरात्री बँकेला फोन लावायचा, पलीकडची मुलगी म्हणायची, ‘आजी, खातेदारांना फोन द्या.’ खातेदार शेजारच्या खोलीत निजलेले, आणि त्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते. घरपट्टी आणि विजेचे बिल आपल्या शेजारच्या वहिनींनी भरले. त्या इथे बसल्या आहेत. तुळशीला पाणीही त्यांनीच घातले.

ह्यांच्या बोलण्याचेही सांगते, कारण तिथे आपली मराठी उपयोगी पडली. वाचा शिकविणाऱ्या बाई इंग्रजीतून विचारीत, ह्यांच्याकडून काही येत नसे. बाईंनी मला सांगितले, घरची भाषा बोला. मोजणी, वारांची नावे, लहानपणी पाठ केलेले असे काही म्हणून पाहा, ते मेंदूत निराळ्या रीतीने टिकलेले असते. मला दुसरे काय सुचणार? मी म्हटले, बे एके बे. आणि पलंगावरून आवाज आला, बे दुणे चार. ज्या माणसाला बायकोचे नाव येत नव्हते त्याने बेचा पाढा दहापर्यंत म्हटला. सुनेने दाराशी उभी राहून डोळे पुसले. पुढे महिनाभर आमच्या घरी पाढे चालले होते. नातवाचेही त्यात पाठ झाले. उन्हाळ्यापर्यंत हे काठी घेऊन चालू लागले, आणि शब्दही एकेक करून आले.

बोलता आल्यावर मी पहिल्यांदा विचारले, कुलुपाचा आकडा काय होता? म्हणाले, चारशे दहा. मिरजेच्या पिनकोडातले शेवटचे तीन आकडे! पोस्टातला माणूस दुसरे काय ठेवणार? पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यातलेच, हे ह्यांच्याकडून मी हजारदा ऐकले होते. तरी मला तो आकडा सुचला नाही.

दुसरा नोव्हेंबर आला. ह्या खेपेस पिशवी माझ्या हातात होती, आणि हे चाकांच्या खुर्चीत बसून कोट सांभाळीत होते. रांगेत उभी असताना मी तो दाखल्याचा कागद प्रथमच नीट वाचला. फार काही लिहिलेले नसते. अमुक इसम अमुक तारखेस हयात आहे, एवढेच. आठ महिन्यांपूर्वी हे कोणी लिहून दिले असते तर मी त्याच्या पाया पडले असते. अधिकाऱ्यांनी ह्यांना नाव विचारले. ह्यांनी पूर्ण नाव सांगितले आणि न विचारता पुढे जोडले, ‘पोस्ट खाते, मिरज.’ डाव्या हाताचा अंगठा घेतला, शिक्का झाला. हा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, ती सोय २०२१ पासून झाली आहे. आधारचे कागद त्यासाठी व्यवस्थित लागतात. ऐंशी वर्षांवरील केंद्राच्या पेन्शनरांना एक ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरात. नोव्हेंबर चुकला तर पुढचे पेन्शन थांबते. थांबलेले मागाहून मिळते, पण धावपळ आपली.

परतीच्या विमानासाठी तिकडच्या डॉक्टरांचे प्रवासाला हरकत नसल्याचे पत्र आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरून द्यावा लागला. चाकांच्या खुर्चीला पैसे पडत नाहीत. तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. मिरजेस पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. बँकेचे साहेब कागद घेऊन घरी आले, अंगठ्याची रीत पुरी झाली, आणि खाते दोघांच्या नावावर झाले, ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ ह्या पद्धतीने. पुढे माझे कुटुंब-पेन्शनही त्याच खात्यात येऊ शकते. आता माझ्या स्वतःच्या नावाचा मोबाईल आहे. निघण्यापूर्वी परदेशात चालण्याची सोय त्यावर करून घ्यावी आणि त्यात थोडे पैसे कायम ठेवावे, कारण नव्वद दिवस वापर नसला तर तो बंद होऊ शकतो. मुक्काम फार लांबणार असेल तर इथल्या बँक खात्याचा प्रकारही बदलावा लागतो, ते आपापल्या बँकेत विचारावे. प्लॉट, घर असेल त्यांनी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथेच, दोघेही धडधाकट असताना करून ठेवावे.

कोणी म्हणतील, एवढे ऐकून मुलांकडे जावे की नाही? अवश्य जावे. नातू मला आजीऐवजी ‘बे दुणे’ म्हणतो, त्याची किंमत मी कोठल्या खात्यात मांडू? येत्या वर्षी जमल्यास मीही पुन्हा जाणार आहे, हे आले तर ह्यांच्यासह. ह्यांचे म्हणणे, थंडी सोसणार नाही. स्वारी आज मागच्या रांगेत बसली आहे आणि आपल्याबद्दल काय काय सांगितले जाते ते ऐकत आहे. घरी गेल्यावर मला त्याचा जाब द्यावा लागेल.

ती तपकिरी पिशवी मी बरोबर आणली आहे. कोणता कागद कोठे लावला आहे ते चहाच्या वेळी टेबलावर उघडून पाहावे. कुलूप नवे आहे, आकडा तोच.